हिप-हॉप: तिकीट काढावं की हेडफोन घ्यावा?

तीन-चार हजार रुपये हाताशी आहेत आणि ते हिप-हॉपवरच उडवायचेत. मग गोव्यातल्या वागातोरच्या शोचं तिकीट काढावं, की तेवढ्यात एक बरा वायरवाला हेडफोन घेऊन अल्बम नीट ऐकावेत?

शोचं पारडं कुठे जड आहे ते आधी. एट-ओ-एट या ड्रम मशीनचा बेस हेडफोनमध्ये कानाला कळतो, मैदानात बरगड्यांना. शिवाय हे संगीत जन्मलंच पार्टीत. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने तबकड्या वाजवायचे दोन टर्नटेबल लावले. गाजलेली पहिली रॅप रेकॉर्ड यायला 1979 उजाडलं. स्टेजवरून ओळ यावी आणि गर्दीने ती पुरी करावी, ही गंमत घरी येत नाही. मान्य.

पण मला हेडफोनकडे वळवलं ते शब्दांनी. नाटकात मागच्या रांगेला संवाद पोचला नाही, तर आपल्याकडे मध्यंतरातच कुरकुर सुरू होते. रॅपमध्ये तर शब्दच सगळं, आणि तिथे मात्र आपण चालवून घेतो.

शब्द हरवतात ते बहुतेक वेळा माइक धरण्यामुळे. रॅपर जाळी मुठीत घेतो. समोरचा आवाज घेऊन मागचा टाळता यावा म्हणून जाळीखाली फटी असतात. त्या झाकल्या की माइक चहूबाजूंचा आवाज ओढतो आणि मॉनिटरमधून, म्हणजे स्टेजवरच्या स्पीकरमधून, शिटी वाजते. ती दाबायला इंजिनिअर आवाजाचा वरचा पट्टा कापतो. नेमके तिथेच, साधारण 2 ते 4 किलोहर्ट्‌झमध्ये, क-च-ट-तचे कंगोरे असतात. उरते नुसती ओ-आ-ओ. दुसरं दुखणं म्हणजे मागे रेकॉर्डिंगमधलाच आवाज लावून ठेवायचा आणि ओळीचा शेवटचा शब्द तेवढा ओरडायचा. माइक गर्दीकडे फिरवल्यावरही ओळ चालूच राहिली, की समजा. जोडीदार शेवटचे शब्द उचलून धरतो ती जुनी, रास्त पद्धत. ती यात धरत नाही. तिकिटाआधी त्याच दौऱ्याचे प्रेक्षकांनी फोनवर काढलेले व्हिडिओ बघा, कंपनीने सजवलेले नकोत.

जायचंच तर स्टेजला चिकटू नका. टांगलेल्या स्पीकरचा आवाज तिथे डोक्यावरून जातो आणि पायथ्याचे सबवूफर, म्हणजे खोल बेसचे स्पीकर, तेवढे आदळतात. इंजिनिअर आवाज सांभाळतो त्या साउंड कन्सोलच्या पुढे पाच-सहा पावलं, मधल्या रेषेपासून थोडं बाजूला उभं राहा. दोन्हीकडच्या सबचा बेस मध्यावर एकत्र येऊन फुगतो. उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे शो रेंगाळला तर कात्री बसते ती शेवटच्या, म्हणजे तुमच्या आवडत्या, सेटला. काणकोणसारख्या लांबच्या गावी परतणाऱ्यांनी परतीची गाडी आधीच ठरवलेली बरी.

अल्बमचं सुख साधं आहे: क्रम. रॅपर नासचा ‘इलमॅटिक’ (1994) जेमतेम 40 मिनिटांचा, कदंबची पणजी-मडगाव शटल बस मडगावला टेकायच्या आत संपतो. केंड्रिक लमारच्या ‘डॅम’ची (2017) तीच गाणी उलट्या क्रमाने लावलेली आवृत्ती त्याच वर्षी निघाली, दोन्हीकडून ऐका, गोष्ट वेगळी लागते. शोमध्ये त्यातली चार-पाच निवडक गाणी येतात, बहुधा अर्धी कापून. विनायलच्या तबकड्यांचा मोह मात्र आवरा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कव्हरला बुरशी धरते.

बँड घेऊन येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. खरा ड्रमर असला की मागच्या रेकॉर्डिंगची लबाडी तितकी सहज जमत नाही. चव घ्यायची तर जे-झीने 2001 मध्ये द रूट्स या हिप-हॉप बँडला साथीला घेऊन केलेला अनप्लग्ड अल्बम ऐका. असं कुणी बंदिस्त, लहान हॉलमध्ये येणार असेल, तर हेडफोन पुढच्या महिन्यात घ्या. नुसता लॅपटॉप आणि माइक घेऊन उघड्या मैदानात येत असेल, तर मी तरी पैसे हेडफोनमध्येच घालीन. मित्रांच्या आग्रहापुढे इलाज नसेल, तर खिशात इयरप्लग टाका. कापसाचा बोळा नको; तो आधी व्यंजनंच खातो.