सायकलसह पाच फेरीबोटी

कोकणच्या किनाऱ्याने सायकलवरून दक्षिणेकडे जायचे ठरवले की प्रवासाची आखणी आपल्या हातात फारशी राहत नाही. ती खाड्या करतात. कुंडलिकेवर रेवदंड्याला पूल आहे. मात्र त्यापुढे राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी आणि जयगडला शास्त्री ही चार पात्रे समुद्राला मिळण्यापूर्वी इतकी रुंद होतात, की किनारा न सोडता पुढे जायचे असेल तर ती फेरीबोटीनेच ओलांडावी लागतात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रोरो बोट (जिच्यात गाड्या थेट आत चढवता येतात) त्यांत धरली, तर जयगडपर्यंत अशा पाच बोटी होतात. मार्गशीर्षात मी एकटीने सात दिवसांत मुंबईहून मालवणला सायकलने गेले, तेव्हा या पाचही सेवा वापरल्या. मोटारीने जाणाऱ्यांचे अभिप्राय पुष्कळ वाचायला मिळतात; परंतु सायकल घेऊन, त्यातही एकट्या बाईने, या बोटींवर गेल्यास काय अनुभव येतो हे सांगणारे मला निघण्यापूर्वी काही सापडले नव्हते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

निघण्याचे कारण सांगितल्याशिवाय माझे मत कशावरून बनले ते कळणार नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. वाचणे हेच जिचे काम, तिला गेली दोन वर्षे सलग दहा पानेही वाचता येत नव्हती. पान उलटण्यापूर्वी हात फोनकडे जायचा, वर्गात कविता समजावून सांगताना मन पुढच्या तासाकडे पळायचे आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरात आपण एकाही गोष्टीकडे पूर्ण लक्ष दिले नाही, ही जाणीव टोचत राहायची. सुट्टी घेऊन घरी बसण्याने फरक पडला नव्हता. शरीर दमेल, रस्ता एकच असेल आणि बोलायला सोबत कोणी नसेल असे सात दिवस स्वतःला द्यावेत, एवढाच विचार करून मी निघाले. रोज साठ-सत्तर किलोमीटर, शेवटचे दोन दिवस त्याहून बरेच अधिक, असा हिशेब होता.

पहिली बोट इतर चौघींपेक्षा निराळी आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रोरो सेवा 2020 साली सुरू झाली. तिचे तिकीट आधी काढून ठेवावे, सायकल गाड्यांच्या मजल्यावर लावावी आणि वर जाऊन बसावे. तासाभरात मांडवा येते. सोय उत्तम आहे, स्वच्छता आहे, आणि मुंबईतून बाहेर पडण्यासाठी महामार्गावरच्या वाहतुकीत जीव धोक्यात घालावा लागत नाही, ही सायकलस्वाराच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. तिच्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे माझ्याजवळ नाही, कारण ती वेळेवर सुटते आणि वेळेवर पोचते. त्या दिवशी मी अलिबाग, रेवदंडा, काशीद या वाटेने मुरूडला मुक्काम केला.

खरी फेरीबोट भेटते ती दुसऱ्या दिवशी, आगरदांड्याला. कोकणात हिला बरेच लोक जंगलजेट्टी म्हणतात. सपाट तळाची ही बोट धक्क्याच्या उताराला टेकते, पुढचा लोखंडी दरवाजा खाली पडतो, मोटारी, दुचाक्या, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया, शाळेची मुले सगळी एकदम उतरतात आणि तितकीच पुन्हा चढतात. खाडी ओलांडायला लागणारी वेळ पाव तासाच्या आसपास असते, पण बोट नुकतीच सुटलेली असेल तर अर्धा तास ते तासभर धक्क्यावर थांबावे लागते. भाड्याची तक्रार करण्यासारखे काही नाही. रोरो वगळता एकाही खाडीवर माझे आणि सायकलीचे मिळून शंभर रुपये झाले नाहीत.

आगरदांड्याला मी सव्वाआठ वाजता पोचले तेव्हा बोट दिघीच्या बाजूला होती. शेजारी मासळीची रिकामी पाटी घेऊन बसलेल्या आजींना मी सहज विचारले, की बोट येताना इतकी आडवी का येते आहे. त्यांनी पाण्याकडे न बघता उत्तर दिले, "आज तेरस हाय. पावणेदहाला पाणी भरंल. तवर ते आत ओढनारच." वेळ कशी कळली असे विचारल्यावर त्यांनी बोटे मोजून दाखवली. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. तेराची पाऊणपट पावणेदहा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या सुमाराने पुढे सरकते, त्यावरून हे गणित बसवलेले आहे. किनाऱ्यावरच्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पन्नाशीला आलेल्या मला ते त्या धक्क्यावर प्रथम कळले.

या एका गणिताने माझा पुढचा सगळा प्रवास बदलला, आणि सायकलस्वारासाठी या बोटींविषयीची सर्वांत उपयोगाची माहितीही हीच आहे. भरतीच्या वेळी पाणी धक्क्याच्या वरच्या अंगापर्यंत असते, बोटीचा दरवाजा जवळजवळ सपाट पडतो आणि सामानाने लादलेली सायकल सहज आत नेता येते. ओहोटीच्या वेळी बोट उताराच्या पार खालच्या टोकाला लागते. तो भाग एरवी पाण्याखाली असल्याने शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो आणि चढही उभा असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात हा फरक सर्वांत जास्त, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तो सर्वांत कमी. एका धक्क्यावर ओहोटी होऊन फार वेळ झालेला नसताना मी उतरत होते, तेव्हा माझा पाय घसरला आणि सायकलसह आडवी झाले. कोपर सोलवटले, मागची पिशवी चिखलात गेली. मोटारसायकल त्या उतारावरून स्वतःच्या बळावर चढते. चौदा किलोची सायकल आणि तिच्यावरचे अकरा किलो सामान आपल्यालाच ढकलावे लागते. त्यानंतर मी रोज सकाळी आधी तिथी पाहिली आणि धक्क्यावर शक्यतो भरतीच्या आगेमागे पोचेन अशा बेताने निघाले.

हरिहरेश्वराहून बागमांडल्याला आणि तिथून पलीकडे वेसवीला जाताना सावित्रीच्या पात्रात अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब दिसतात. पलीकडे बाणकोटचा किल्ला आहे. ही बोट मला सर्वांत शांत वाटली. सकाळची वेळ होती आणि वाहने मोजकीच होती. तिथून केळशी आणि आंजर्ल्यावरून हर्णैपर्यंतचा रस्ता कोकणातील सायकलप्रवासाचा खरा कस पाहतो. नकाशात किनारा सपाट दिसतो, पण प्रत्येक खाडीनंतर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढायचे आणि पुढच्या गावात पुन्हा समुद्रपातळीला उतरायचे, हे दिवसातून पाच-सहा वेळा होते. ज्यांच्या सायकलीला मागे जास्त दात असलेले मोठे चक्र नाही, त्यांनी सामानासह हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचांतली मला सर्वांत आवडलेली फेरी दाभोळ ते धोपावे ही आहे. 2003 साली ती सुरू झाल्यापासून दापोली आणि गुहागर हे दोन तालुके एकमेकांचे शेजारी झाले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. ती नसेल तर दाभोळहून गुहागरला जायला खेड-चिपळूणचा वळसा घ्यावा लागतो, आणि तो शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. मी हर्णैहून पहाटे निघून सव्वाअकराला धक्क्यावर आले. पौर्णिमा होती, पाणी काठोकाठ भरले होते. धक्क्याजवळ आदिलशाही काळातील अंडा मशीद आहे. बहमनी राजवटीपासून परदेशी गलबते ज्या बंदरात लागत होती, त्याची आज उरलेली ही मोठी खूण. बोट सुटायला चाळीस मिनिटे असल्याने मी तिथे जाऊन बसले. समोर वाशिष्ठीचे रुंद पाणी आणि पलीकडे अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्प दिसत होता. भरतीचे पाणी थांबते आणि ओहोटी लागण्यापूर्वी काही काळ ते कुठेच जात नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. नांगरलेल्या होड्यांची तोंडे आधी नदीच्या मुखाकडे होती, मग त्या सैल पडल्या, आणि हळूहळू एकेक करून वरच्या अंगाला वळल्या. हे सगळे व्हायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला. बोटीवर चढल्यावर माझ्या लक्षात आले, की इतका वेळ फोन पिशवीतच होता.

दुसऱ्या दिवशी गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळला आले, तिथे बोट निघून गेली होती आणि पुढची जवळजवळ तासाने होती. आधीच्या महिन्यात अशा एका तासाने मी अस्वस्थ झाले असते. तिथे मी आवळ्याचे सरबत घेतले, सायकलीची चेन पुसून तेल दिले आणि शास्त्री नदी पाहत बसले. पलीकडे जयगड. सायकलवर असताना मन कामाला जुंपलेले असते, कारण चढ, खड्डे, पाणी, अंतर यांचा हिशेब थांबत नाही. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर झोप येते. मधला जो वेळ कशासाठीच नसतो, तो या मार्गावर धक्क्यांनी दिला. मी विश्रांतीसाठी मुद्दाम थांबले असते, तर दहा मिनिटांत उठून पुढे निघाले असते, हे मला स्वतःविषयी ठाऊक आहे. बोट येईपर्यंत मात्र उठून जाण्याला अर्थच नव्हता.

उणिवाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवायला हव्यात. एका ठिकाणी तिकीट देणाऱ्याने सायकलीसाठी मोटारसायकलीचे भाडे मागितले. दरफलकावर सायकलीचा वेगळा दर असल्याचे दाखवल्यावर त्याने तो घेतला, पण प्रत्येकाला फलक वाचायचे सुचेल असे नाही. सायकल बांधून ठेवण्याची सोय मला कुठेच दिसली नाही, त्यामुळे पाव तास ती हाताने धरून उभे राहावे लागते किंवा स्वतःजवळची पट्टी कठड्याला बांधावी लागते. पट्टी अवश्य न्यावी. बायकांसाठी वापरता येईल असे स्वच्छतागृह चारांपैकी दोन धक्क्यांवर मला सापडले नाही. रोज येजा करणाऱ्या मासळीविक्रेत्या बायका आणि विद्यार्थिनी यांची ही अडचण प्रवाशांपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि ती दूर करायला फार खर्च येईल असे वाटत नाही. धक्क्यावर लावलेले वेळापत्रकही एका ठिकाणी जुने निघाले. आदल्या मुक्कामाच्या यजमानांना विचारून निघणे अधिक भरवशाचे. माणसांविषयी मात्र एकही वाईट शब्द लिहावा असे घडले नाही. प्रत्येक बोटीवर खलाशांनी न सांगता सायकलीला हात लावला आणि मोटारी आत येण्यापूर्वी मला कडेची जागा दिली. एकटी का निघाले, असे खूप जणांनी विचारले. त्या विचारण्यात काळजी होती.

जयगडच्या पुढे पूल सुरू होतात. गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या चढावरून रत्नागिरी, मग भाट्ये, पावस, पूर्णगड, जैतापूर अशा वाटेने मी सहाव्या दिवशी विजयदुर्ग गाठले आणि सातव्या दिवशी देवगडवरून मालवणला पोचले. अंतर पहिल्या पाच दिवसांच्या मानाने झपाट्याने कापले गेले. काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण या नद्या मी पुलांवरून ओलांडल्या. त्यांचे पाणी कोणत्या दिशेने वाहत होते, हे आज मला सांगता येणार नाही. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत आगरदांडा, बाणकोट, दाभोळ आणि जयगड या खाड्यांवरही पूल व्हायचे आहेत. ते व्हावेत. रात्री बोट बंद झाल्यावर पलीकडच्या दवाखान्यात रुग्ण कसा न्यायचा, हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहतो त्यांना माझ्या शांततेचे कौतुक सांगण्याचा मला अधिकार नाही. पूल झाल्यावरही दिवसातून चार फेऱ्या पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी सुरू ठेवता आल्या, तर मी त्यांचे तिकीट आनंदाने आजच्या दुप्पट दराने काढीन.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. मार्गशीर्ष आणि पौष हे महिने चांगले. होळीनंतर सड्यावर सावली मिळत नाही. खाऱ्या वाऱ्याने चेन एका रात्रीत तांबूस होते, तेव्हा रोज संध्याकाळी पुसून तेल द्यावे. टायर जाड असावेत, कारण आतल्या रस्त्यांवर खडी पुष्कळ आहे. सुटे पैसे जवळ ठेवावेत. मुक्कामासाठी प्रत्येक गावात घरगुती सोय आहे, आणि आदल्या दिवशी फोन केला तर तांदळाची भाकरी आणि सोलकढी वेळेवर तयार मिळते.

सात दिवसांची सवड नसेल, तर हर्णैला मुक्काम करून दाभोळची आणि दुसऱ्या दिवशी तवसाळची अशा दोनच फेऱ्या कराव्यात. पंचांग पाहून त्यासाठी पौर्णिमा आणि प्रतिपदा हे दिवस निवडावेत, म्हणजे दोन्ही धक्क्यांवर दुपारच्या आसपास पाणी भरलेले मिळेल. दाभोळला पहिली बोट सोडून द्यावी आणि पुढच्या बोटीने जावे.