आठ महिने बिनपडद्याच्या पेन टॅब्लेटवर: प्रभातची माणसं काढताना

गेल्या नवरात्राच्या तोंडावर पेन टॅब्लेट घेतला, त्याला आता आठ महिने होतील. दिवसभर बडोद्यातल्या मकरपुऱ्यात एका कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी, आणि रात्री जेवणं आटोपली की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दीड-दोन तास चित्रं. चित्रकला शिकले ती शाळेपुरतीच. काढते फक्त आवडत्या सिनेमांतली माणसं, त्यातही जुन्या प्रभात फिल्म कंपनीच्या सिनेमांतली, कारण ते सिनेमे आमच्या घरात आजीपासून पाहिले जातात.

टॅब्लेट बिनपडद्याचा आहे. काळी सपाट पाटी, काम करायची जागा १० बाय ६.२५ इंच, पेनच्या दाबाच्या ८१९२ पातळ्या (जितकं दाबू तितकी रेघ जाड), पेनला बॅटरी नाही. मला ४८०० रुपयांना पडला. पडद्याचा घ्यायचा तर त्याच्या कितीतरी पट पैसे लागले असते. पहिले तीन आठवडे हात आंधळा होता. पेन फिरतंय खाली, रेघ उमटतेय समोर लॅपटॉपवर, आणि डोळे सारखे हाताकडे वळतात. रोज वीस मिनिटं नुसत्या रेघा आणि वेलांट्या काढल्या. चौथ्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं की आपण खाली बघितलेलंच नाही. त्यानंतर मात्र मान वाकवून कागदावर काढण्यापेक्षा हेच सोपं वाटू लागलं: हात मध्ये येत नाही, सगळं चित्र कायम समोर असतं.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर महिना वाचला असता. वारकऱ्यांच्या हातातला टाळ काही केल्या गोल येईना, आडवा पसरट होई. मला वाटलं हातच कच्चा. खरं कारण वेगळं होतं. टॅब्लेटचं प्रमाण १६ बाय १०, लॅपटॉपचा पडदा १६ बाय ९. पूर्ण पाटी पूर्ण पडद्याला जोडली की प्रत्येक आकार आडवा ताणला जातो. ड्रायव्हरच्या, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो, तो लावला. पाटीची खालची अर्ध्या इंचाहून थोडी जास्त पट्टी वाया गेली, पण टाळ गोल झाला. नवीन टॅब्लेट घेतलात तर पहिल्या दिवशी हे करा. दुसरं, लॅपटॉपच्या एका अपडेटनंतर पेनचा दाबच कळेनासा झाला, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. मी क्रिटा या प्रोग्रॅममध्ये चित्रं काढते, त्यात टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये पेनची माहिती घ्यायचे विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत, ते बदलून पुन्हा सुरू केल्यावर जमलं.

क्रिटा फुकट आहे आणि माझ्या कामाला पुरून उरतं. रेघेचा थरथराट आवरणारा स्टॅबिलायझर मी लुगड्याच्या काठांसाठी वापरते, चेहऱ्याला मुद्दाम बंद ठेवते, नाहीतर चेहरा गुळगुळीत होतो. संदर्भाचं चित्र कॅनव्हासशेजारी टाचून ठेवता येतं, ही सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडली. आणि तीच सुरुवातीला नडलीही.

'संत तुकाराम' हा १९३६चा सिनेमा, दामले आणि फत्तेलाल यांचा. त्यातल्या विष्णुपंत पागनीसांचं पहिलं चित्र मी एक दृश्य थांबवून, ते शेजारी टाचून, अकरा रात्री बसून काढलं. नाक, डोळे, मुंडासं सगळं जागच्या जागी. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा तुकाराम नाही, तू थांबवलेला माणूस काढलायस." मला वाईट वाटलं, पण ती बरोबर बोलत होती. मग ते दृश्य न थांबवता सात-आठ वेळा पाहिलं, सिनेमा बंद केला आणि आठवेल तसं काढलं. संदर्भाचं चित्र अगदी शेवटी उघडलं, चुका तपासायला. दुसऱ्या चित्रातलं नाक थोडं चुकलेलं आहे. तरी आईनं भिंतीवर लावायला तेच मागितलं.

कृष्णधवल सिनेमावरून शिकणं फार चांगलं, हे माझं ठाम मत झालं आहे. रंगाचा आधार नसतो, म्हणून उजेड कुठून येतोय हे आधी बघावं लागतं. मी पाच करड्या छटा ठरवते, पाचाबाहेर जात नाही, आणि त्यात माणूस ओळखू आला तरच पुढे जाते. जरीचं कोडं मात्र सिनेमात नाही, फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याच्या तैलचित्रांसमोर उभं राहून सुटलं. दुरून सबंध काठ सोन्याचा वाटतो, जवळून पाहिलं तर बहुतेक तपकिरी आणि मोजकेच लखलखते ठिपके. घरी येऊन माझ्या चित्रातला निम्मा पिवळा पुसला.

बडोद्यात बसून हे करताना एक गोष्ट सारखी मनात येते. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले. त्या इमारतीवरून मी रोज कामाला जाते.

आता झीज. आठ महिन्यांत चार निब गेल्या. सहाव्या महिन्यात केबलची खाच सैल झाली, पेन मध्येच सुटतं. दुकानदारानं वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. केबल टेबलाच्या कडेला चिकटपट्टीनं बांधून काम चालू आहे, पण या किमतीत ही खाच मजबूत हवी होती. छापायचं असेल तर आधीच ए३साठी ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलचा कॅनव्हास घ्या, नंतर मोठं केलं की कडा फुटतात. आणि छटा एक पायरी उजळ ठेवा, पडद्यावरचा अंधार कागदावर आणखी दाट होतो. विकायचा विचार असेल तर आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो हे ध्यानात ठेवा. नव्या सिनेमांची माझी चित्रं मी घरातच ठेवते.

सध्या १९३७च्या 'कुंकू'मधली शांता आपटेंची नीरा काढतेय. सगळं चित्र करडं आणि कपाळावर तेवढं लाल, असं आधी केलं होतं. दोन दिवस पाहिलं आणि तो लाल रंगाचा थर (लेअर) काढून टाकला. सिनेमात ते कुंकू नुसतं काळसर आहे, तरी आजीला आणि आईला ते लालच दिसत आलंय. आता मीही काळसर ठेवलंय. काल आई शेजारी बसली होती. म्हणाली, "कुंकवाचा लाल छान आलाय."