पाचपैकी दोन तारे: खेळ सुरेख, पेटी मात्र जुगाराची

तीन महिने रोज खेळून मगच लिहितेय. गेम फुकट डाउनलोड होतो. योद्धे गोळा करायचे, टोळी बांधायची, लढायचं. लढाईला खरंच डोकं लागतं. कोणाला पुढे काढायचं, कोणाला राखून ठेवायचं हे ठरवावं लागतं आणि हरलो तरी आपलं काय चुकलं ते कळतं. चित्रं, संगीत, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. दोन्ही तारे त्याचेच.

तक्रार लूट बॉक्सची, म्हणजे पैसे मोजून उघडायच्या बंद पेटीची आहे. सगळ्यात चांगले योद्धे लढून मिळत नाहीत, ते पेटीतून निघतात. आणि पेटीत कोण आहे, ते पैसे गेल्यावरच कळतं.

ती पेटी उघडताना नीट बघा. बोट टेकवलं की ती थरथरते, हातातला फोनही थरथरतो. फटीतून आधी निळा उजेड येतो, मग जांभळा. क्षणभर सोनेरी, म्हणजे सगळ्यात चांगल्या योद्ध्याची, झाक चमकते आणि परत जांभळ्यावर येऊन थांबते. थोडक्यात हुकलं, असं वाटतं. पण हुकलेलं काहीच नसतं. निकाल आधीच लागलेला असतो, पुढची सगळी नुसती रोषणाई. माझा अकरा वर्षांचा भाचा शेजारी बसला होता. "मावशी, आत्ता येणारच होता! अजून एकच उघड ना." मी उघडली. त्या रात्री एकामागून एक चौदा उघडल्या.

मी गणित शिकवते, म्हणून दुसऱ्या दिवशी शक्यतांचा तक्ता शोधला. ॲपलने 2017 च्या डिसेंबरपासून आपल्या स्टोअरवरच्या गेमना या शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलंय. तक्ता आहे, पण तीन पडदे आत, बारीक अक्षरांत. सोनेरी योद्धा : 1 टक्का. भाचा लगेच म्हणाला, "म्हणजे शंभर पेट्यांत एक नक्की." मोठी माणसंही असाच हिशेब करतात. पण पेटीला मागचं काही आठवत नसतं. प्रत्येक वेळी न मिळण्याची शक्यता 0.99, आणि 0.99 चा शंभरावा घात येतो सुमारे 0.366. शंभर जणांनी प्रत्येकी शंभर पेट्या घेतल्या, तर त्यातले साधारण 37 जण रिकाम्या हातांनी परततील. कॅल्क्युलेटरवर हे करून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

पेटी थेट पैशांनी घेता येत नाही, आधी पैसे देऊन गेममधले हिरे घ्यावे लागतात. पेटी 300 हिऱ्यांची, हिरे मिळतात 500 च्या पटीत. उरलेले 200 वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा खरेदी. एकूण किती गेले हे कळायला मला बँकेचं स्टेटमेंट काढावं लागलं.

120 पेट्यांनंतर सोनेरी योद्ध्याची हमी आहे, असं लिहिलंय. माझ्या 96 झाल्या, गेमचा हंगाम संपला आणि मोजणी शून्यावर आली. विचारलं तर उत्तर आलं, अटींमध्ये लिहिलेलं आहे. खरंच लिहिलेलं आहे.

बेल्जियमने 2018 मध्येच पैसे घेऊन दिलेल्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. नेदरलँड्समध्ये एका फुटबॉल गेमच्या पेट्यांवरून झालेला दंड 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केला. पेटी हा वेगळा खेळ नसून कौशल्याच्या मोठ्या खेळाचाच भाग आहे, असं म्हणून. त्याच वर्षी ब्रिटननेही जुगाराचा कायदा बदलायचा नाही असं ठरवलं. जुगार न मानण्यामागचा नेहमीचा मुद्दा असा, की पेटीत मिळालेल्या वस्तूची रोकड होत नाही. मला तो अजिबात पटत नाही. माझ्या खात्यातून गेले ते पैसे खरेच होते. रोकड होत नाही म्हणजे एवढंच, की जिंकूनही ते परत येणार नाहीत. आणि त्या रात्री मला पंधराव्या पेटीकडे ओढत होतं ते रोख बक्षीस नव्हतंच. पुढची कदाचित सोनेरी असेल, एवढंच होतं.

गेम मी काढून टाकलेला नाही, लढाया अजून खेळते. खरेदीला पासवर्ड घातलाय आणि तो माझ्या बहिणीकडे आहे. मुलांच्या हातात फोन देणाऱ्यांनी एवढं तरी आधी करून ठेवावं. रोजची एक फुकट पेटी मात्र येतेच. काल भाच्याने ती उघडली. शंभरावा घात त्याला आता तोंडपाठ आहे, तरी जांभळा उजेड दिसताच त्याने श्वास रोखून धरला.