टीम कौशल्यानुसार वाटायच्या की फीचरनुसार?

सॉफ्टवेअर कंपनीत दहा जण असेपर्यंत हा प्रश्न पडत नाही. सगळे एकाच स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीला) असतात, कोणाचं काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण दहा जणांत आपसात बोलण्याच्या जोड्या ४५ होतात आणि तीस जणांत ४३५, म्हणून कंपनी तिशीकडे गेली की वाटणी करावीच लागते: कौशल्यानुसार, नाहीतर फीचरनुसार, म्हणजे ॲपमधल्या एकेका सोयीनुसार.

सरळ वाटणारी वाटणी कौशल्याची: बॅकएंडची (सर्व्हरवर चालणाऱ्या भागाची) टीम, फ्रंटएंडची (वापरणाऱ्याला दिसणाऱ्या भागाची) टीम, मोबाइलची, टेस्टिंगची. नवीन पोरांना याचा खरा फायदा होतो. बॅकएंडचा फ्रेशर चार अनुभवी बॅकएंडवाल्यांशेजारी बसतो, त्याचा कोड जाणकार तपासतात, अप्रेझलही काम कळणारा माणूसच करतो.

पण एका तिकिटाचा, म्हणजे नोंदवलेल्या एका कामाचा, प्रवास बघा. कर्जाच्या ॲपमध्ये सहकर्जदाराची माहिती घ्यायची आहे. बॅकएंड या स्प्रिंटमध्ये (दोन आठवड्यांच्या कामाच्या फेरीत) एपीआय, म्हणजे ॲपला सर्व्हरशी माहिती द्यायची-घ्यायची सोय, देतं. मोबाइल टीमचा स्प्रिंट आधीच भरलेला, म्हणून ते पुढच्या स्प्रिंटमध्ये घेतात. तेव्हा कळतं, की सहकर्जदार दोन असू शकतात आणि एपीआय एकच घेतो. तिकीट परत मागे. टेस्टिंगपर्यंत पोचेस्तोवर तिसरा स्प्रिंट उजाडतो. चार दिवसांचं काम दीड महिना चालतं, आणि त्यात आळशी कोणीच नसतं. तिकीट रांगेत पडून राहतं, एवढंच.

फीचरनुसार वाटलं तर कर्जमंजुरीच्या टीममध्ये दोन बॅकएंडवाले, एक मोबाइलवाला, एक टेस्टर एकत्र असतात. ‘सहकर्जदार किती?’ हे पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारतं. मला हीच रचना पटते. तिची किंमतही आहे: तीन टीम एसएमएस पाठवण्याचा कोड तीन तऱ्हांनी लिहितात, आणि एकटा मोबाइलवाला रजेवर गेला की काम अडतं. यातल्या पहिल्या अडचणीवर उपाय म्हणून डिप्लॉयमेंट (तयार कोड सर्व्हरवर चालू करणं), लॉगिन, नोटिफिकेशन अशा सामाईक गोष्टींसाठी तीन-चार जणांची प्लॅटफॉर्म टीम वेगळी ठेवा. तिच्याकडे तिकीट टाकून वाट बघावी लागू नये. तिने इतरांना स्वतः वापरता येतील अशी साधनं द्यावीत.

१९६८ साली मेल्विन कॉनवे यांनी ‘डेटामेशन’ मासिकात लिहिलं होतं, की संस्थेत संवादाची जशी रचना असते तशीच रचना तिने बनवलेल्या सिस्टीममध्ये उतरते. पुणे आणि अमेरिका अशी विभागलेली कामं करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. बॅकएंड तिकडे आणि फ्रंटएंड इकडे असेल तर एका साध्या शंकेला एक दिवस जातो. मग लोक शंका विचारणं सोडून अंदाजाने कोड लिहू लागतात. त्यापेक्षा एक अख्खं फीचर पुण्याकडे आणि दुसरं तिकडे द्यावं.

प्रोजेक्ट दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या सर्व्हिस कंपनीत मात्र कौशल्यानुसार टीम ठेवून माणसं प्रोजेक्टला देणं सोयीचं. फीचर टीमचं बळ दीर्घकाळ एकत्र राहण्यात असतं, आणि तिथे तेच मिळत नाही.

ठरवण्याआधी मागच्या तीन महिन्यांत बंद झालेली तिकिटं काढा आणि किती तिकिटं दोनपेक्षा जास्त टीममधून फिरली ते मोजा. निम्म्याहून जास्त निघाली तर वाटणी बदला. एकदम सगळ्या टीम मोडू नका. सर्वात जास्त अडणारं एक फीचर निवडून त्याची टीम आधी बांधा. टेस्टर त्यात पहिल्या दिवसापासून हवा.