वसतिगृह की रूम? मे महिना डोळ्यांसमोर ठेवून ठरवा

नागपुरात शिकायला येणारे राहण्याची जागा शोधतात ती जुलै-ऑगस्टमध्ये. पाऊस असतो, हवा गार असते, कुठलीही खोली बरी वाटते. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा चालू असतात तेव्हा मात्र पारा 45 अंशांच्या आसपास खेळत असतो. वसतिगृह आणि भाड्याची रूम यांतला फरक तेव्हा कळतो, म्हणून तुलना तिथूनच केलेली बरी.

वसतिगृह बहुधा स्वस्त पडतं, कॉलेज जवळ असतं, सीनियरांच्या नोट्स आणि प्लेसमेंटच्या बातम्या आपसूक कानावर येतात. शहर अगदी नवं असेल तर पहिल्या वर्षी हा आधार मोठा आहे. अडतं ते कुलरपाशी. वायरिंगवर भार येतो म्हणून बऱ्याच ठिकाणी खोलीत कुलर लावू देत नाहीत. जिथे देतात तिथेही खिडकीला पक्की जाळी असली तर तो आतच ठेवावा लागतो. मग तो खोलीतलीच दमट हवा फिरवत बसतो. थोड्याच वेळात अंग चिकचिकतं, वह्यांची पानं ओलसर होतात. त्यात खोली सर्वांत वरच्या मजल्यावर मिळाली, तर दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. रात्री वाचणाऱ्याचे नेमके तेच तास वाया जातात. माझ्या लेखी निकाल इथेच लागतो, आणि तो रूमच्या बाजूने.

अर्थात रूम नीट पारखून घेतली तरच. वरच्या मजल्यावरची पश्चिमेच्या भिंतीची खोली स्वस्त मिळते, ती याच उन्हामुळे, शक्यतो टाळा. कुलर खिडकीबाहेर बसवायला स्टँड किंवा छज्जा हवा, आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला दार किंवा दुसरी खिडकी हवी. नळ त्याच मजल्यावर आहे का ते बघा, नाहीतर रोज खालून बादल्या वाहाव्या लागतील. पाणी बोअरचं असेल तर कुलरच्या ताट्यांवर (पाण्याने भिजणाऱ्या गवताच्या जाड जाळ्यांवर) क्षार साचून हवा अडते, त्या दर उन्हाळ्यात बदलायच्या. कुलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासली नाही तर डेंग्यूचे डास होतात.

विजेचा हिशोबही आधीच करून ठेवा. 200 वॅटचा कुलर दहा तास चालला की 2 युनिट, म्हणजे महिन्याला 60. घरमालक सब-मीटरवर प्रतियुनिट काय दर लावतात ते करारात लिहून घ्या आणि पहिल्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा.

करार 11 महिन्यांचा असतो. 1 जुलैपासून केला तर 31 मेला संपतो आणि ऐन परीक्षेत नूतनीकरणाची किंवा भाडेवाढीची बोलणी सुरू होतात. 1 ऑगस्टपासून केला तर जूनअखेर मिळते. कराराची नोंदणी करणं कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे, तोंडी बोलण्यावर राहू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून नागपुरात वर्षाला 60,000 रुपये मिळू शकतात. तिथेही भाडेकरार लागतो. रक्कम हप्त्यांनी येते, म्हणून सुरुवातीचे काही महिने आणि डिपॉझिट यांची सोय आपल्यालाच करावी लागते.

जेवणाचं म्हणाल तर मेस दोन्हीकडे सारखीच. खाडे कापतात का, एवढं विचारून घ्या.

जागा कुठे घ्यावी? कॉलेज हिंगणा रोडला असेल तर मेट्रोच्या अॅक्वा लाइनलगत, सुभाषनगर ते लोकमान्यनगर या पट्ट्यात बघावं. शेवटच्या वर्षाला असाल तर आणखी एक गोष्ट: परीक्षा संपली की वसतिगृह रिकामं करावं लागतं, आणि इंटर्नशिप किंवा पहिली नोकरी नेमकी तेव्हाच सुरू होते. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी क्षेत्रात, काम मिळालं तर सीताबर्डीला गाडी बदलून ऑरेंज लाइनने खापरीपर्यंत जाता येतं, त्यामुळे तीच रूम चालू ठेवता येते. फक्त सोडण्याआधी किती दिवसांची नोटीस लागेल आणि डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापणार का, हे आजच विचारा.