"नवीन आयपॉड येतोय, जुना बंद होतोय" सांगून मला आधीच्या पिढीचा जुना माल विकला, घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

मंडळी, हे खूप आधीच लिहायला हवं होतं असं घरचे म्हणतात, पण तेव्हा माझं भांडण चालू होतं म्हणून थांबले होते. आता लिहितेय कारण गेल्याच महिन्यात माझ्या क्लासातल्या एका मुलीच्या बाबांना अगदी त्याच पद्धतीनं गंडवलंय आणि बोलणं पण शब्दन् शब्द तेच. "आयपॉड परत येतोय, बुकिंग करून ठेवा." तर सगळं नीट सांगते, थोडं लांबेल.

मी गाणं शिकवते. रियाजाला आणि क्लासला तानपुरा-तबल्याचं ॲप लागतं. फोनवर ते लावलं की मुलगी षड्ज लावून स्थिर होतेय न होतेय तोवर कुरियरवाल्याचा फोन, मग तानपुरा बंद, मग परत पहिल्यापासून. ज्यांनी काळी चार पट्टीत दहा मुलं एकत्र गायला बसवलीत त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. त्यामुळे सिमकार्ड नसलेलं, हेडफोनचं भोक असलेलं (स्पीकरला वायर लावायची असते ना), छोटंसं काहीतरी हवं होतं आणि मला सोयीचं वाटलं ते ॲपल कंपनीचं आयपॉड टच. सातव्या पिढीचा, मे २०१९ मध्ये आलेला. १२८ जीबीची छापील किंमत २८,९०० रुपये. महाग होता पण मी ठरवलं होतं.

आता २०२१ साली काय वातावरण होतं ते सांगितल्याशिवाय फसवणूक कशी झाली ते कळणार नाही. पहिला आयपॉड आला २३ ऑक्टोबर २००१ ला, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये बरोबर वीस वर्षं. त्या वर्षी मे महिन्यापासून नव्या आयपॉडची चित्रं फिरायला लागली होती, सपाट कडांचा, मोठ्या स्क्रीनचा वगैरे, ती कंपनीची नव्हतीच, लोकांनी अंदाजानं बनवलेली होती. एक गट म्हणायचा वीस वर्षांनिमित्त नवा काढणारच, दुसरा म्हणायचा आता काही खरं नाही, ही लाईनच गुंडाळणार. आणि दोन्ही गटांकडे बोलायला जागा होती, हे महत्त्वाचं. सहावा टच आला जुलै २०१५ ला, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं काहीच नाही, सगळ्यांनी मेला म्हणून सोडून दिला आणि २०१९ ला अचानक सातवा आला. उलट क्लासिक हा आयपॉडचाच दुसरा प्रकार ९ सप्टेंबर २०१४ ला गुपचूप साईटवरून गायब झाला, त्याच दिवशी आयफोन ६ चा मोठा कार्यक्रम होता. नॅनो आणि शफल हे छोटे आयपॉड जुलै २०१७ मध्ये असेच काढून टाकले. म्हणजे लाईन चालू राहणार की बंद होणार हे ही कंपनी आधी सांगतच नाही, बाहेरच्या कुणाला माहीत असायचा प्रश्नच येत नाही, आणि गाळ्यात बसलेल्या माणसाला तर अजिबातच नाही. पण तो माणूस मात्र इतक्या खात्रीनं सांगतो की जणू त्याला रात्री फोन आला होता.

तर सप्टेंबरचा आयफोन १३ चा कार्यक्रम झाला, आयपॉडचं नाव नाही. १८ ऑक्टोबरला आणखी एक झाला, त्यात लॅपटॉप आणि नवे एअरपॉड्स, आयपॉड परत नाहीच. मोठ्या दुकानांत विचारलं तर १२८ चा स्टॉक नाही, कधी येईल सांगता येत नाही. मग ओळखीतून मुंबईतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या गाळ्याचा नंबर मिळाला. (नाव टाकत नाहीये, त्याचं कारण पुढे येईल.) तिथला माणूस अतिशय गोड बोलणारा. "ताई, खरं सांगू का, हा बंद होतोय, दिवाळीनंतर माल येणार नाही, वर डिस्ट्रिब्युटरकडूनच मेसेज आलाय." मी म्हटलं पण नवीन येणार म्हणतात ना. तर लगेच म्हणतो, "नवीन येणारच ना, पण त्याची किंमत पन्नासच्या वर आणि हेडफोनचं भोक नाही, तुम्हाला तर भोकवालाच पाहिजे." बघा, बंद होणार असेल तरी आत्ता घ्या आणि नवा येणार असेल तरी आत्ता घ्या. कुठूनही फासा टाका, दान त्याचंच. माझ्या शेजारीच एक कॉलेजचा मुलगा उभा होता, त्याला हाच माणूस "नवीन मॉडेल दिवाळीत, पाच हजार ॲडव्हान्स द्या, पहिल्या लॉटमध्ये नाव टाकतो" असं सांगत होता. एकाच काउंटरवर, दहा मिनिटांच्या अंतरानं, एकाला बंद आणि एकाला चालू.

मला दाखवला तो सीलबंद बॉक्स होता. मी डोळे मिटून घेतला नाही हो. मागचं लेबल वाचलं, १२८ जीबी, मॉडेल नंबर ए २१७८ म्हणजे सातवा टच, बरोबर. लेबलवरचा सिरीयल नंबर तिथेच उभं राहून कंपनीच्या साईटवर टाकला, आयपॉड टच सातवी पिढी, वॉरंटी चालू. त्यानंच पुढे होऊन दाखवलं, "बघा ताई, वॉरंटी पण चालू." आणि इथेच खरी मेख आहे जी मला नंतर रिपेअरिंगवाल्या मुलानं समजावली. सीलबंद मालाची वॉरंटी साईटवर सहसा चालू दिसत नाही! यंत्र पहिल्यांदा सुरू करून सेटअप केलं की मग ती तिथे दिसायला लागते. सीलबंद बॉक्सचा नंबर टाकल्यावर साईटनं हे अजून ॲक्टिव्हेट केलेलं नाही असं सांगायला हवं. वॉरंटीची तारीख दिसतेय याचा अर्थ त्या नंबरचा खरा आयपॉड कुणाच्या तरी हातात चालू आहे आणि आपल्याला मिळतोय तो फक्त त्याचा डबा.

पैसे २७ हजार, यूपीआयनं. क्यूआर कोड स्कॅन केला तर दुकानाचं नाव नाही, कुठल्यातरी बाईचं नाव आलं, विचारलं तर "मम्मीचं अकाउंट आहे, दुकानाची मशीन बिघडली." जीएसटी बिल मागितलं तर "संध्याकाळी व्हॉट्सॲप करतो, आत्ता हे ठेवा" म्हणून एक कच्चं बिल, त्यावर पेनानं "आयपॉड १२८ – २७०००" इतकंच. त्या संध्याकाळपासून मी बिलाची वाट बघतेय, आजतागायत आलेलं नाही.

घरी आणून उघडला. रंग करडा, स्क्रीन चकाचक, स्क्रॅच नाही, स्टोरेज १२८ दाखवतंय. सिस्टीम मात्र आयओएस १२ होती, त्याबद्दल तो आधीच बोलून गेला होता की डब्यातला माल जुन्या सिस्टीमवरच असतो, अपडेट करून घ्या. आणि हे तसं खरंही आहे, सातवा टच आला तेव्हा १२ च होती, म्हणून कुणाला शंका येत नाही. मी तानपुऱ्याचं ॲप टाकायला गेले तर मेसेज आला की याच्या वरची सिस्टीम लागेल. बरं म्हणून अपडेटमध्ये गेले, चाक फिरलं फिरलं आणि खाली ओळ आली की तुमची सिस्टीम अद्ययावत आहे. १२.५ च्या पुढे जायलाच तयार नाही. तेव्हा बाहेर आयओएस १५ येऊन महिना झाला होता आणि सातव्या टचवर ती चालते हे मला पक्कं माहीत होतं. मला वाटलं वायफायचा घोळ, शेजाऱ्यांचं वायफाय लावून बघितलं, तेच.

मग रिपेअरिंगवाल्याकडे. त्यानं आयपॉड उलटा केला आणि मागच्या खालच्या बाजूला जी बारीक अक्षरं असतात ना, आपण कधी वाचतच नाही, ती भिंगाखाली धरून मला म्हणाला वाचा मॅडम. ए १५७४. डब्यावर ए २१७८ आणि यंत्रावर ए १५७४. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे मॉडेल नंबरवर बोट ठेवलं की तोच ए वाला नंबर येतो, तिथेही १५७४. म्हणजे सहावा टच. २०१५ चा. आतला सिरीयल नंबर काढला तर डब्याच्या नंबरशी काही संबंधच नाही. बॉक्सवरचं प्लास्टिक मी जपून ठेवलं होतं, त्याच्या एका कोपऱ्यावर वितळून चिकटवल्यासारखे दोन कडक ठिपके त्यानं दाखवले, घरगुती मशीननं परत पॅक केलेलं.

आणि ही फसवणूक इतकी सोपी का आहे माहितीये? सहावा आणि सातवा बाहेरून अगदी सारखे आहेत. चार इंची स्क्रीन तीच, जाडी ६.१ मिलिमीटर तीच, वजन ८८ ग्रॅम तेच, रंग तेच, बटण तेच आणि १२८ जीबी दोघांतही मिळायचा. फरक सगळा आत, सहाव्यात ए८ चिप आणि सातव्यात ए१०. आतून जुना असल्यामुळे सहावा १२ वर अडकून पडतो. २५६ जीबी मात्र सहाव्यात कधी आलाच नव्हता, त्यामुळे २५६ मागणाऱ्याला हा डाव टाकता येत नाही, ३२ आणि १२८ वाल्यांनाच चुना लागतो.

दुकानात परत गेले तेव्हाचा प्रसंग फार आठवायला आवडत नाही. गोड बोलणं संपलं होतं. "हा आमचा पीसच नाही, तुम्ही बदलून आणला असेल." मी बिल पुढे केलं. "यात सिरीयल नंबर कुठाय?" नव्हताच ना, त्यानं लिहिलाच नव्हता, मुद्दाम! आजूबाजूचे गाळेवाले सगळे खाली मान घालून आपापल्या कामात. माझ्यासारख्या मध्यमवयीन बाईला भर बाजारात चोर ठरवून मोकळा झाला तो माणूस आणि खरं सांगते, २७ हजारांपेक्षा मला ते जास्त लागलंय.

पुढचं थोडक्यात. ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली, त्याचं उत्तर तेच, माल आमचा नाही. मग ओळखीच्या वकिलांकडून नोटीस पाठवली की जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, सोबत यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि मुख्य म्हणजे खरेदीच्या आधीचे व्हॉट्सॲप मेसेज, ज्यात त्यानं स्वतः डब्याच्या लेबलचा फोटो पाठवला होता. फोटोतला सिरीयल नंबर आणि माझ्याकडच्या डब्याचा नंबर एकच, म्हणजे निदान डबा तरी त्याचाच हे सिद्ध होत होतं. त्यावर मात्र तो नरमला. आठ हजार परत दिले आणि कागदावर सही घेतली की वाद मिटला, पुढे नाव घेऊन बदनामी करणार नाही. म्हणून नाव नाही. सही करू नको असं भाऊ सांगत होता, पण घरात तेव्हा आजारपण होतं आणि माझ्यात कोर्टाच्या फेऱ्या मारायची ताकद नव्हती.

नंतर १० मे २०२२ ला कंपनीनं जाहीरच केलं की आयपॉड टच बंद, आहे तो माल संपेपर्यंत मिळेल. म्हणजे माझ्या त्या माणसाचं "बंद होतोय" सहा-सात महिन्यांनी खरं ठरलं की! पण म्हणून त्याला माहीत होतं असं नाही, कारण त्याच तोंडानं तो शेजारच्या मुलाला नवीन मॉडेलचं बुकिंग देत होता. त्या मुलाचे पाच हजार परत मिळाले का देव जाणे, नवीन मॉडेल तर कधी आलंच नाही.

आणि आता परत तेच चालू झालंय. जुन्या आयपॉडना मागणी आलीये, कॉलेजची मुलं हौसेनं शोधतायत आणि त्यावर "कंपनी लाईन पुन्हा चालू करतेय" असे मेसेज फिरतायत. क्लासातल्या मुलीच्या बाबांना असाच मेसेज आला, पाच हजार भरले, नंबर ब्लॉक. त्यांना मी त्याच दिवशी १९३० ला फोन करायला लावला. तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि तिथे जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तर आलं. दुकानातून घेतलेल्या मालाची तक्रार असेल तर १९१५, आणि आयोगात जायचं झालं तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. हे फक्त दुकानदाराच्या बाबतीत हां, कुणी घरातला जुना आयपॉड विकला असेल तर तो ग्राहक कायद्यात बसवणं अवघड जातं.

जुना घेणारच असाल तर विकणाऱ्याच्या समोर चालू करा, सेटिंग्ज, जनरल, अबाउट, मॉडेल नंबरवर बोट, सातवा टच म्हणून विकत असेल तर ए २१७८ आला पाहिजे. मग तिथला सिरीयल नंबर, डब्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही एकाखाली एक वाचा. आधीच्या मालकाचा ॲपल आयडी (त्याचं कंपनीकडचं खातं) निघालाय का ते रीसेट करून बघा, नाहीतर घरी गेल्यावर पासवर्ड मागत बसतो आणि यंत्र निव्वळ पेपरवेट होतं. उघडून दाखवणार नाही, सील तुटेल असं कुणी म्हणालं तर पैसे खिशात ठेवून घरी या. आणि ज्यांनी माझ्यासारखा घेऊन ठेवलाय आणि अजून दोन वर्षं झालेली नाहीत, त्यांनी डबा, वरचं प्लास्टिक, पेनानं लिहिलेलं ते कच्चं बिल आणि आधीचं चॅट यातलं काहीही टाकू नका. मला जे आठ हजार मिळाले ते त्या लेबलच्या फोटोमुळेच.