डिस्कॉग्जवर शोधा, बँडकॅम्पवर घ्या

नौपाड्यात किंवा वाशीत बसून सत्तरच्या दशकातलं क्राऊटरॉक (म्हणजे त्या काळचं प्रयोगशील जर्मन रॉक), सायकेडेलिक आणि त्याहून विचित्र संगीत धुंडाळायचं, तर हाताशी दोन सेवा आहेत: रेकॉर्डची सूची आणि बाजार असलेलं डिस्कॉग्ज, आणि कलाकार-लेबलं स्वतःचं संगीत विकतात ते बँडकॅम्प. बरेच जण बँडकॅम्पवर शोधतात आणि डिस्कॉग्जवरून रेकॉर्ड मागवतात. नेमकं उलट करावं.

डिस्कॉग्ज २००० साली केविन लेवांडोव्स्कीने सुरू केलं. तेव्हा त्यावर फक्त इलेक्ट्रॉनिक संगीत होतं, आज वापरणाऱ्यांनीच भरलेली ती एक प्रचंड सूची आहे. मात्र शोधपेटीत ‘क्राऊटरॉक’ टाकून बसलात तर सगळ्यांना ठाऊक असलेलेच पंधरा-वीस अल्बम पुन्हा पुन्हा दिसतील. शैलीची नावं नोंदणाऱ्याने आपापल्या मर्जीने लावलेली असतात, त्यामुळे ज्याला अजून कोणी ‘क्राऊटरॉक’ म्हटलेलंच नाही ते तिथे येतच नाही.

म्हणून लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या, पानावरून शिरा. हॅम्बुर्गचं ब्रेन हे लेबल १९७२ मध्ये निघालं. त्याचं पान उघडून कॅटलॉग क्रमांकाने यादी लावा. १००१ वर स्कॉर्पियन्सचा पहिला अल्बम दिसेल, १००४ वर नॉय! या बँडचा पहिला अल्बम, १००६ वर ‘क्लस्टर टू’, १००७ वर गुरू गुरूचा ‘कँगुरू’. ही नावं आधीच ऐकलेली असतील. न ऐकलेले जे क्रमांक मध्ये येतात, खरा माल तिथे आहे. एका-दोघांच्या डोक्यातून निघालेलं लेबल क्रमाने ऐकलं की त्यांची आवड कळते, आणि पुढचा अनोळखी अल्बम आपल्याला रुचेल की नाही याचा अंदाज बांधता येतो. कोणत्याही अल्गोरिदमला हे अजून साधलेलं नाही. हीच रीत ओर, पिल्झ आणि कुकुक या जर्मन लेबलांना लावा. कुकुकवर डॉयटरचा १९७१ चा ‘डी’ सापडेल. हा गृहस्थ पुढे पुण्यात रजनीश आश्रमात राहून ध्यानासाठी संगीत करत होता, आणि त्या नंतरच्या गोड कॅसेटींवरून पहिल्या अल्बममधल्या खडबडीत आवाजाची कल्पनाही येत नाही.

दुसरी वाट श्रेयनामावलीची. कॉनी प्लांक हे ध्वनिमुद्रकाचं नाव घ्या. त्याच्या पानावर श्रेयांमध्ये तांत्रिक कामाचा भाग निवडा आणि वर्षं १९७० ते १९७५ एवढीच ठेवा. क्राफ्टवर्क, नॉय!, क्लस्टर, गुरू गुरू ही मंडळी एकाच माणसाच्या हाताखालून गेलेली दिसतील आणि त्यांच्या आजूबाजूला अनोळखी नावंही. गायकापेक्षा ध्वनिमुद्रकाचा माग काढणं या संगीतात जास्त फळतं, कारण यातला अर्धा अल्बम मिक्सिंगच्या टेबलावरच घडलेला असतो.

तिसरी वाट म्हणजे नर्स विथ वूंडची यादी. या ब्रिटिश त्रिकुटाने १९७९ मधल्या पहिल्या अल्बमसोबत आपल्या आवडत्या विक्षिप्त संगीतकारांची लांबलचक नामावली छापली. पहिली आवृत्ती फक्त ५०० प्रतींची होती. तिघांपैकी एकाचं आडनाव पाठक, तेवढीच आपल्याला गंमत. डिस्कॉग्जवर लोकांनी ही नामावली जोडून ठेवली आहे. त्यातून महिन्याला दोन-तीन नावं घ्यावीत, जास्त घेतली तर कानात काहीच राहत नाही.

डिस्कॉग्जवर अल्बमच्या पानावर ‘किती जणांकडे आहे’ आणि ‘किती जणांना हवी आहे’ असे दोन आकडे असतात. दुसरा मोठा असेल तर प्रत दुर्मीळ आहे एवढंच सिद्ध होतं, संगीत चांगलं असल्याचं नाही. सरासरी गुण पाहताना मतं किती पडली तेही पाहा. बऱ्याच पानांवर यूट्यूबचे दुवे जोडलेले असतात, पैसे काढण्याआधी तिथेच ऐकून घ्या.

नोंदीत ‘अनऑफिशियल’ असं लिहिलेलं असेल तर ती चोरटी आवृत्ती. नॉय!चे अल्बम बरीच वर्षं कायदेशीर सीडीवर आलेच नाहीत, कारण बँडमधल्या मिखाएल रोटर आणि क्लाउस डिंगर या दोघांचं एकमत होत नव्हतं. त्या काळात जर्मनोफोन नावाच्या चोरट्या सीडी सर्वत्र फिरल्या. अधिकृत पुनर्मुद्रण २००१ मध्ये ग्रोनलांड लेबलने केलं. नोंद वाचल्याशिवाय ‘जुनी सीडी, चांगली किंमत’ पाहून भुलू नका.

आता खरेदी. डिस्कॉग्जवर विक्रेते रेकॉर्डच्या स्थितीची जी प्रतवारी देतात, तीत ‘व्हेरी गुड’ हे नाव फसवं आहे. या प्रतीवर ओरखडे असतात आणि खरखर ऐकू येते. अमोन ड्यूल टूचा ‘येटी’ असेल तर गिटारच्या गदारोळात ती दबून जाते. पण पोपोल वूचा ‘होसियाना मंत्रा’ किंवा ‘क्लस्टर टू’ असं हळुवार काही असेल तर ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली उतरू नये. कव्हरची प्रत वेगळी दिलेली असते, तीही वाचा. आणि ‘नॉय! टू’च्या दुसऱ्या बाजूला तीच गाणी कमी-जास्त वेगाने वाजतात, म्हणून विक्रेत्याशी भांडू नका: पैसे संपल्यामुळे बँडने आधीचंच सिंगल वेग बदलून भरलं होतं.

ठाण्यातून मागवायचं म्हटलं की हिशेब बिघडतो. एक एलपी पुठ्ठ्याच्या खोक्यासकट अर्ध्या किलोच्या पुढे जाते, म्हणजे युरोपातून टपालखर्चच कित्येकदा रेकॉर्डपेक्षा जास्त. वर सीमाशुल्क आणि आयजीएसटी. विक्रेत्याला ‘गिफ्ट लिही’ असं सांगून उपयोग नाही, कारण डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवनरक्षक औषधं सोडून परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कसवलत बंद आहे. किंमत खोटी, कमी लिहिली तर पार्सल हरवल्यावर विम्याची भरपाईही तेवढीच मिळते. खासगी कुरिअर केवायसी मागतं आणि शुल्काव्यतिरिक्त स्वतःचा आकारही लावतं. साध्या टपालाने मागवलं तर पार्सलचा माग काढण्याचा तेरा अक्षर-आकड्यांचा नंबर जपून ठेवा. शेवटी डीई असेल तर पार्सल जर्मनीचं, जीबी असेल तर ब्रिटनचं. भारतात पोहोचल्यावर हाच नंबर इंडिया पोस्टच्या साइटवर चालतो. मागवायचंच असेल तर एकाच विक्रेत्याकडून तीन-चार रेकॉर्ड एकत्र मागवा, तरच परवडतं.

बँडकॅम्पचं उलट आहे. तिथे ‘क्राऊटरॉक’ हा टॅग शोधाला जवळजवळ निरुपयोगी. तो मोटोरिक, म्हणजे नॉय!ने रूढ केलेला एकसुरी धावता ठेका वाजवणाऱ्या आजच्या बँडांनी भरलेला आहे आणि त्यातले बरेच नॉय!ची नक्कल करून थकलेले वाटतात. मूळ जर्मन अल्बमपैकी पुष्कळ तिथे नाहीतच, हक्क जुन्या कंपन्यांकडे अडकलेले. पण जे आहे ते विकत घेणं सोपं. डिस्कॉग्जवर सापडलेलं नाव तिथे टाका, अल्बम मिळाला की खाली खरेदीदारांची छोटी चित्रं दिसतात. ज्याने तोच अनोळखी अल्बम घेतला आहे त्याचा संग्रह उघडा. शोधाची एवढीच एक पायवाट बँडकॅम्पवर कामाची आहे, पण ती फार चांगली आहे.

पैशांसाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं कार्ड किंवा पेपॅल लागतं. नवं कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ही मुभा आधी चालू करावी लागते, नाहीतर पेमेंट नाकारलं जातं आणि दोष साइटला लागतो. डिजिटल विक्रीतून बँडकॅम्प १५ टक्के घेतं. काही ठरावीक शुक्रवारी, म्हणजे बँडकॅम्प फ्रायडेला, तो वाटा सोडतं, पण तो दिवस पॅसिफिक वेळेने मोजला जातो: आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा वाजता, हिवाळ्यात दीड वाजता सुरू होऊन शनिवारी त्याच वेळी संपतो. शुक्रवारी सकाळी ऑफिसला निघताना घाईने घेतलं तर कलाकाराला तो फायदा मिळत नाही.

डाउनलोड करताना फ्लॅक हा दर्जा न गमावणारा फाइल-प्रकार निवडा. आयफोनवर ॲपल म्युझिकमध्ये घालायचं असेल तर ॲपलचा तसाच प्रकार एएलएसी, कारण ते ॲप फ्लॅक घेत नाही. एमपीथ्री टाळण्याचं कारण दर्जापेक्षा वेगळं आहे: त्यात प्रत्येक ट्रॅकच्या टोकांना किंचित शांतता जोडली जाते आणि एकमेकांत मिसळणारे तुकडे तुटतात. ‘द फाउस्ट टेप्स’सारख्या तुकड्यातुकड्यांच्या कोलाजचा त्यात पार विचका होतो. प्लेअरमध्ये गॅपलेसची (ट्रॅकमध्ये खंड न पडू देण्याची) सोय चालू आहे का तेही तपासा. चाळीस मिनिटांचा अल्बम फ्लॅकमध्ये साधारण २५० एमबी होतो, तेव्हा घरच्या वायफायवरच उतरवून घ्या. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये स्ट्रीमिंगवर भिस्त ठेवू नका.

घेतलेली फाइल त्याच दिवशी हार्डडिस्कवर ठेवा. बँडकॅम्प २०२२ मध्ये एपिक गेम्सकडे आणि २०२३ मध्ये साँगट्रेडरकडे गेलं, दुसऱ्या वेळी बऱ्याच कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. सेवा आजही नीट चालते, पण संग्रह दुसऱ्याच्या सर्व्हरवर सोडून देण्याएवढा भरवसा कुठल्याच साइटवर नको. आणि कुठूनही एलपी मागवलीच, तर एप्रिल-मेमध्ये ती सोसायटीच्या गेटवर दिवसभर पडू देऊ नका. वॉचमनच्या केबिनमध्ये उन्हात ठेवलेलं विनाइल वाकतं, आणि वाकलेली रेकॉर्ड घरी जड पुस्तकांखाली दाबून सरळ होत नाही.